परत न फिरवलेली शपथ

शपथ परत फिरवायचा अधिकार मंडळात एकट्या बोदिलला होता.

वर्षातून चारदा प्रेबेन नावाच्या शेतकऱ्याच्या शेतामागच्या देवराईत वीस-बावीस माणसं ब्लोटसाठी, म्हणजे देवांना नैवेद्य द्यायला जमायची. थॉर, ओडिन, फ्रेय या ख्रिस्ती धर्मापूर्वीच्या देवांची नावं घेऊन जमिनीवर मधाची दारू ओतायची, डुकराचं मांस आणि राय धान्याचा काळा पाव वाहायचा, आणि मग समुद्रावरच्या वाऱ्याने गारठलेली सगळी मंडळी प्रेबेनच्या धान्याच्या कोठारात लांब बाकांवर बसून दारूचं शिंग एकमेकांकडे फिरवायची. शिंग ज्याच्या हातात येईल त्याने उभं राहून बोलायचं. कुणी गेलेल्या आईची आठवण काढी, कुणी पिकाबद्दल फ्रेयचे आभार मानी. आणि कुणाला शपथ घ्यायची असली, तर पुजारीण म्हणून बोदिल लोखंडी कडं पुढे करी. त्यावर हात ठेवून बोललेला शब्द मग त्या एकट्याचा राहत नसे. तो मोडला तर सगळ्या मंडळाच्या दैवाला तडा जातो, असं ही माणसं मानत. म्हणून शपथ ऐकली की बोदिलने त्या माणसाकडे नीट बघायचं, आणि पेलणार नाही असं वाटलं तर सरळ म्हणायचं, "मागे घे."

असं तिने बऱ्याचदा म्हटलं होतं. एका वेल्डरने नुकत्याच ओळख झालेल्या मुलीशी लग्न करायची शपथ घेतली, तेव्हा ती म्हणाली, "आधी तिला विचार, मग थॉरला सांग." सगळं कोठार हसून लोटपोट झालं. युट्टे ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिने सिगारेट सोडायची शपथ घेतली, तर बोदिलने कडंच मागे ओढून घेतलं. "तू सिगारेट सोडलीस की आमची मानगूट धरशील. राहू दे."

पण एकदा घेतलेली शपथ मोडणाऱ्याला तिच्याकडे दयामाया नव्हती. ओले नावाच्या सुताराने आपल्या भ्रमिष्ट झालेल्या बापाला शेवटपर्यंत घरीच सांभाळायची शपथ घेतली, आणि वर्ष सरायच्या आत त्याला वृद्धाश्रमात पोचवलं. ओले रडत होता. बाप उघडानागडा हमरस्त्यावर जाऊन उभा राहतो, म्हणत होता. बोदिलने त्याला मंडळाबाहेर काढलं. "याला सोडलं तर उद्या आपल्या शब्दाला कुत्रं विचारणार नाही," असं तिने सुनावलं, आणि प्रेबेनने टेबलावर मूठ आपटून तिला दाद दिली.

एस्किल हा तिचा धाकटा भाऊ. हान्स्टहोल्मच्या बंदरातून निघणाऱ्या मासेमारीच्या ट्रॉलरवर त्याचं तारुण्य गेलं, आणि किनाऱ्यावर उतरून जी बाटली हातात घेतली ती खाली ठेवणं त्याला जमलं नाही. बायको कंटाळून ऑल्बोर्गला निघून गेली. मग बोटीवरूनही काढलं. बोदिल त्याला मंडळात घेऊन आली तेव्हा कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला तरी सांडायचा. देवराईत मात्र तो हळूहळू माणसात आला. डुक्कर भाजायचं काम त्याने आपण होऊन घेतलं. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाची गाडी बंद पडलीय, तो हजर. गळ्यात थॉरचा हातोडा घालून म्हणायचा, "हा देव मला परवडतो. स्वतःच पिंपच्या पिंप रिचवणारा. मला काय उपदेश करणार!"

त्या वर्षी शरदातल्या ब्लोटला त्याला दारू सोडून चार महिने झाले होते. शिंगात त्याच्यासाठी सफरचंदाचा रस होता. दुपारची वेळ, कोठाराचं मोठं दार उघडं, बाहेर नुकत्या कापलेल्या शेताचा वास. एस्किल उठला. एका हातात शिंग धरलं आणि दुसरा हात पुढे करून कडं मागितलं.

"आजपासून मी दारूच्या थेंबाला शिवणार नाही. जिवात जीव आहे तोवर. शिवलो तर थॉरने माझ्यावरचा हात काढून घ्यावा, आणि तुम्ही सगळ्यांनीही."

युट्टे बोदिलच्या शेजारीच बसली होती. ओठ न हलवता ती पुटपुटली, "परत फिरव. बोदिल, ही परत फिरव."

बोदिलला ऐकू आलं. तिला कळतही होतं. 'जन्माची नको, पुढच्या ब्लोटपर्यंतची घे,' हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण एस्किलचा चेहरा उजळला होता, आणि सगळं मंडळ त्याच्याकडे मानाने बघत होतं. पुजारिणीचा दारुडा भाऊ, असं आजवर पाठीमागे म्हणणारी तीच माणसं. आपलं कुणीतरी कौतुक करतंय असं तिला वाटलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "देवांनीही ऐकलं."

जानेवारीत एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत एस्किल तिच्या सलूनमध्ये आला. हमरस्त्यावरच्या त्या छोट्या सलूनच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. बोदिल खाली पडलेले केस झाडत होती. तो दाढी करून, अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून आला होता, आणि तेवढ्यावरूनच काहीतरी बिनसलंय हे तिने ओळखलं.

"मी प्यायलो."

"कधी?"

"शनिवारी. रविवारी. काल."

"किती?"

"किती काय विचारतेस? केस कापतेयस का, किती ठेवू नि किती काढू?" तो हसायला गेला, पण हसू फुटलं नाही. "कुणी बघितलेलं नाही. गप्प बसलो असतो तर पचलंही असतं. पण म्हटलं, तुला सांगावं."

"बरं केलंस." तिने झाडू भिंतीला टेकवला. "भरपाई करता येईल. जुन्या काळीही दंड भरून माणसं सुटत होती. मी बोलते सगळ्यांशी."

"तू असशील ना तिथे?"

"अरे, मी नसेन तर कोण असणार?"

पण कोठारात मंडळ बसलं तेव्हा प्रेबेन आधीच पेटलेला होता. प्रेबेन मोठ्या मनाचा माणूस. कोठार त्याचं, देवराई त्याच्या जमिनीतली, डुक्करही दरवेळी तोच देई, आणि कधी उपकाराची भाषा करत नसे. पण त्या महिन्यात त्याच्या डुकरिणींची पिल्लं मेलेली जन्मत होती.

"पशुवैद्य म्हणतो विषाणू आहे," तो म्हणाला. "म्हणू दे बापडा. कारण कुठे आहे ते मला ठाऊक आहे."

"तो आजारी आहे, प्रेबेन," बोदिल म्हणाली. "हा आजारच आहे."

"मग ओलेचा बाप काय ठणठणीत होता?"

युट्टेने मधे तोंड घातलं. "वर्षभर त्याला शिंग देऊ नका. सगळी लाकडं त्याच्याकडून फोडून घ्या. एवढा दंड पुरे आहे. माणूस आपण होऊन सांगायला आला, याला काही किंमत आहे की नाही?"

"शब्द आमचा नाही गं, त्याचाच आहे," प्रेबेन म्हणाला. " 'तुम्ही सगळ्यांनीही' असं तोच म्हणाला. आणि 'ऐकलं' असं ही म्हणाली."

बाकीचे आपापल्या कपात बघत बसले. पुजारीपणच सोडून देते, असं तिला म्हणता आलं असतं. हे तिला सुचलं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडीत. त्या वेळी डोक्यात एवढंच होतं, की ओलेला एक नियम आणि आपल्या भावाला दुसरा, असं गाव म्हणेल. तिने होकाराची मान हलवली.

मंडळाबाहेर काढायचं ते देवराईत, दिवसाउजेडी करायचं असतं. फेब्रुवारीतली दुपार होती, ओला बर्फ पडत होता. एस्किल वेळेवर आला. बोदिलने फोनवर त्याला फक्त ये म्हणून सांगितलं होतं. दंडाचं काहीतरी ठरलं असेल अशा समजुतीने त्याने येताना बंदरावरून धुरावलेला ईल मासा आणला होता, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. एवढा मोठा ईल हल्ली मिळत नाही. तो सगळ्यांकडे बघून ओळखीचं हसला. हसायला कुणीच तयार नव्हतं.

"एस्किल," बोदिल म्हणाली, "आमच्या आगीपाशी तुझी जागा नाही. आमच्या शिंगात तुझा घोट नाही. आमच्यात तुझं नाव घेतलं जाणार नाही."

"अगं, पण तू म्हणाली होतीस ना..."

"शब्द तुझाच होता."

तो तिच्याकडे बघत राहिला. प्रेबेन खाकरला. मग एस्किलने मान डोलावली, एखाद्याने साधा हिशेब समजावून सांगावा तशी. "बरोबर. शब्द माझाच होता." हातातला पुडा त्याने दगडावर ठेवला. दोन पावलं गेला, मागे वळला, पुडा पुन्हा उचलून काखेत मारला आणि बर्फातून चालू लागला.

त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. तो राहायचा त्या खोलीचं दार बोदिलने दोन-तीनदा वाजवलं. खरं सांगायचं तर जोरात वाजवलं नाही. उघडलं असतं तर काय बोलायचं, हे तिला माहीत नव्हतं. पुढे तो खोली सोडून गेल्याचं घरमालकाने सांगितलं आणि ऑल्बोर्गला तपास करू म्हणता म्हणता तो तिच्याकडून राहूनच गेला.

मे महिन्यात एल्सेबेथ केस कुरळे करून घ्यायला आली. ही म्हातारी मिशनवाली, म्हणजे कडक ख्रिस्ती पंथातली. गावाच्या टोकाला मिशनचं प्रार्थनाघर होतं, आणि तिथल्या माणसांची बोदिलच्या घरात पिढ्यान् पिढ्या चेष्टा चाललेली. ती हसण्यापूर्वीसुद्धा परवानगी घेतात, असं तिचा बाप म्हणायचा.

"तुझ्या भावाने रविवारी प्रार्थनेत उभं राहून काय साक्ष दिली गं," डोक्याला गुंडाळ्या लावलेली एल्सेबेथ आरशातून म्हणाली. "अर्धं प्रार्थनाघर रडत होतं."

बोदिलचा हात थांबला. "कुठे?"

"आमच्याकडे, दुसरीकडे कुठे? फेब्रुवारीत आमच्या पायऱ्यांवरच पडलेला सापडला तो. वर बर्फ साचला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर... नको तो विचार. हल्ली खाली तळघरातल्या खोलीत राहतो. स्वयंपाकघर त्यानेच चकाचक ठेवलंय. म्हणाला, माझ्याच माणसांनी मला हाकललं तेव्हा..." म्हातारी एकदम थबकली. तिची मान लाल झाली. "नाव नाही हं घेतलं त्याने कुणाचं."

"नाव कशाला घ्यायला हवं?" बोदिल म्हणाली. "बहीण त्याला एकच आहे."

तिने त्या म्हातारीचं डोकं शेवटपर्यंत नीट पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रार्थनाघरात गेली. एस्किल स्वयंपाकघरात एका मोठ्या ताटात पावांना लोणी लावत होता. गालावर मांस आलं होतं. गळ्यात काही नव्हतं. तिला बघून तो दचकला नाही.

"बस. कॉफी आहे."

"कॉफी नको. बरा दिसतोस."

"बरा आहे."

"इथे आल्यापासून एकदाही नाही?"

"दोनदा." त्याने सुरी पुसली. "दोनदा प्यायलो. दोन्ही वेळा एल्सेबेथच्या नवऱ्याने मला गाडीत घालून परत आणलं, कॉफी केली आणि म्हणाला, उद्या पुन्हा सुरू. शब्द मोडणारी माणसं यांच्या देवाला नवीन नाहीत गं. त्याला सवय आहे."

"तू मानतोस का पण? ते सगळं, खिळे आणि क्रूस?"

"मंगळवारी मानतो. शुक्रवारी जड जातं. तरी ते शुक्रवारीही जेवायला वाढतात."

तिला राग आला. राग येणं सोपं होतं. "आणि भर सभेत उभं राहून सांगतोस, की आम्ही तुला बर्फात फेकलं. कड्यावर हात ठेवून शपथ कुणी घेतली होती? 'तुम्ही सगळ्यांनीही' कोण म्हणालं होतं?"

"मी म्हणालो होतो."

"मग?"

"व्यसनी माणूस शपथाच घेतो, बोदिल. दुसरं करतो काय तो? बायकोपुढे घेतल्या, कप्तानापुढे घेतल्या, मेलेल्या आईच्या नावाने तर किती घेतल्या." तो आवाज न चढवता बोलत होता आणि त्याचे हात एकेका पावावर लोणी पसरत होते. "थॉरशी माझं भांडण नाही. त्याने मला काही केलं नाही. तू मला लहानपणापासून ओळखतेस. त्या वेल्डरला ओळखलंस, युट्टेच्या सिगारेटीला ओळखलंस. कडं तुझ्या हातात होतं. तू का नाही म्हणालीस, मागे घे?"

बाहेर कुणीतरी खुर्च्या मांडत होतं.

"मला वाटलं..." तिने सुरुवात केली.

"मला ठाऊक आहे तुला काय वाटलं. मलाही तेच वाटलं होतं," एस्किल म्हणाला आणि ताट उचलून बाहेर गेला.

उन्हाळ्यात कळलं, की प्रेबेनने जमीन सौर ऊर्जेची पॅनेलं बसवणाऱ्या कंपनीला दिली आहे, देवराईसकट. तीन वर्षांपूर्वी त्याने त्याच कड्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, की आपण आहोत तोवर देवराईच्या एका फांदीलाही हात लावणार नाही. बोदिलने मंडळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर त्याला ते ऐकवलं.

"दिवस बदलले, बोदिल," प्रेबेन म्हणाला. "पोरगा डुकरं पाळायला तयार नाही. मी किती दिवस ओढू? आणि फांदीला मी कुठे हात लावतोय? कंपनी लावणार."

एक-दोघं हसले. खरोखर हसले.

"हा शपथ मोडणारा आहे," बोदिल म्हणाली. "ओलेला जे केलं, एस्किलला जे केलं, ते याला करायला हवं. हात वर करा."

कुणी केला नाही. वेल्डर अवघडून म्हणाला, "मग पुढचा ब्लोट कुठे करायचा? कोठार तर याचंच आहे." दुसऱ्या एकीने सुचवलं, की देवराईऐवजी नवीन झाडं लावता येतील, कंपनी त्यासाठी जागाही देईल म्हणतात. प्रेबेनने सगळ्यांना बिअर आणून दिली. तो रागावलेला नव्हता, उलट बोदिलच्या खांद्यावर त्याने मायेने थोपटलं. तिने युट्टेकडे बघितलं. युट्टेचे हात मांडीवर होते.

गाडीपाशी बोदिलने तिला गाठलं. "तू तरी?"

युट्टेने सिगारेट पेटवली. "एस्किलच्या वेळी मी तोंड उघडलं होतं. तेव्हा तू कुठे होतीस?"

बोदिलने कडं कोठारातल्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि निघाली. त्यानंतर ती मंडळात गेली नाही. पुजारीपण वेल्डरच्या बायकोने घेतलं. ती हसतमुख आहे, आणि कुणालाच काही परत फिरवायला सांगत नाही, असं ऐकू येतं.

देव मात्र बोदिलला सोडता आले नाहीत. सोडता आले असते तर बरं झालं असतं. सकाळी परसात उभी राहून ती पेलाभर बिअर गवतावर ओतत असे, नावं घेत असे, आणि पुढे काय बोलावं ते तिला सुचत नसे. हे देव माफी देणारे नव्हेत. त्यांच्याकडे माणूस आपलं केलेलं घेऊन उभा राहतो, बस्स. हेच तिला त्यांचं आवडलं होतं. चाळीस वर्षं तिने लोकांना अभिमानाने सांगितलं होतं, की आमच्यात गुडघे टेकून रडणं नाही, आमच्यात माणूस आपल्या शब्दाचं ओझं आपण उचलतो. आता ते ओझं तिच्या वाट्याला आलं होतं आणि उचलत नव्हतं.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी एस्किलने तिला दुपारच्या जेवणाला बोलावलं. त्याने आता एल्सेबेथच्या घरामागची छोटी खोली भाड्याने घेतली होती. टेबलावर लोणचवलेले हेरिंग मासे, बदक, लाल कोबी, सगळं होतं. फक्त स्नॅप्सचे, त्या कडक दारूचे, छोटे पेले नव्हते, आणि ते नसल्यामुळे सगळ्यांच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. एल्सेबेथ होती, तिचा नवरा होता. दोघंही बोदिलशी इतकं गोड बोलत होते, की तिला घास गिळवेना.

जेवणाआधी एस्किलने हात जोडले. त्याने बदकासाठी आभार मानले, घरासाठी मानले, अंधारातून बाहेर काढल्याबद्दल मानले. मग म्हणाला, "आणि माझ्या बहिणीला, बोदिलला, तुझा प्रकाश दिसू दे." बोदिल मान ताठ ठेवून समोरच्या कोबीकडे बघत राहिली. प्रार्थनेचे शेवटचे शब्द तिला लहानपणापासून पाठ होते. तोंड मिटून ठेवायला तिला दात आवळावे लागले.

निघताना तो तिला सोडायला गाडीपर्यंत आला. डोक्यावर टोपी नव्हती, पाऊस भुरभुरत होता. तिच्या गाडीच्या छतावर हात ठेवून तो वाकला.

"एक सांगायचं होतं. मी तुला माफ केलंय, बोदिल. कधीच केलंय."

"मी मागितली नव्हती."

"मागावी लागत नाही. तेच तर आहे."

तो हे मनापासून बोलत होता. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता, जिंकल्याचा आनंद नव्हता, काहीच नव्हतं. अनोळखी माणसाला वाट सांगावी तेवढीच माया होती. त्याने शिव्या घातल्या असत्या तर ती रडली असती. आता तिला फक्त घरी जायचं होतं.

"हात काढ," ती म्हणाली. "दार लावायचंय."

त्याने हात काढला. तिने दार लावलं आणि गाडी रस्त्यावर घेतली. आरशात तो हात हलवत होता. तिने हलवला नाही.